लिफ्टच्या डोक्यावरची खोली

आमच्या भुंग्याला विद्यापीठात जाऊन कॉम्प्युटरच का शिकायचं होतं, असं मला आजवर पुष्कळांनी विचारलं. मी प्रत्येकाला वेगळं उत्तर दिलं, कारण विचारणाऱ्याला खरं उत्तर नकोच असतं. शेजारच्या बाईंना सांगितलं, नोकरी चांगली मिळते. त्यांना बरं वाटलं. ऑफिसातल्या साहेबांना सांगितलं, हल्ली सगळे तेच शिकतात. त्यांनी मान डोलावली. खरं उत्तर बसून सांगावं लागतं, आणि त्यात मी स्वतः मरता मरता वाचलेली आहे, त्यामुळे ते मला उभ्या उभ्या सांगता येत नाही.

भुंगा म्हणजे माझी भाची, दादाची एकुलती एक मुलगी; आम्ही सगळे एकाच घरात राहतो. एकदा प्रश्न पडला की लाकूड पोखरल्यासारखी माणसाच्या मागे लागायची, म्हणून लहानपणीच हे नाव पडलं ते चिकटलंच. दादा लिफ्टचा मेकॅनिक. मी ज्या सात मजली इमारतीत काम करते, तिथल्या दोन्ही लिफ्ट त्याच्याच ताब्यात. माझं चौकशीचं टेबल तळमजल्यावर, बरोबर लिफ्टच्या समोर. तिथे दिवसभर लोक मला एकच चौकशी करतात, लिफ्ट कधी येणार? जशी काही ती मला विचारून निघते.

वहिनी नर्स. तिची पाळी उशिरा सुटायची, म्हणून शाळा सुटली की भुंगा माझ्या टेबलाशी येऊन बसायची. दप्तर खाली, हनुवटी टेबलावर आणि डोळे लिफ्टवर. एक दिवस म्हणाली, "आत्या, लिफ्ट दोन, बटण एक. मग दाबल्यावर एकच का येते? आणि कोणती यायची हे कोण ठरवतं?"

"जिला वाटेल ती येते," मी म्हटलं. मला त्या वेळी एक गृहस्थ पाचव्या मजल्यावरच्या वकिलांचा पत्ता विचारत होते.

हे उत्तर तिला पटणार नव्हतंच. तिनं आठवडाभर नुसतं बघून शोधून काढलं की जवळची येते, पण जवळची उलट्या दिशेनं निघाली असेल तर लांबची येते. "म्हणजे त्या दोघी एकमेकींशी बोलतात," ती म्हणाली, आणि मग तिनं दादाच्या मागे भुंगा लावला. शेवटी दादानं हात टेकले आणि एका सुट्टीच्या दिवशी तिला वर घेऊन गेला. मीही गेले. जिच्यापायी एवढी वर्षं लोकांच्या शिव्या खाल्ल्या, तिचं तोंड तरी बघावं म्हटलं.

सातव्या मजल्यावरून एक लोखंडी शिडी वर जाते. वर ही खोली. तेलाचा वास, दोन मोठ्या मोटरी, चाकांवरून खाली अंधारात उतरलेले जाड दोर. आणि भिंतीला लागून तीन उघडी कपाटं. कपाटांत काड्यापेटीएवढे रिले, ओळीवर ओळी, खालपासून वरपर्यंत. दादानं तिला एक दाखवला. "ह्याला वीज मिळाली की ही पट्टी खाली बसते आणि पुढच्याला वीज जाते. नाही मिळाली की पट्टी वर. बस. दुसरं काहीही येत नाही ह्याला."

"मग हा तर बिनडोकच की," भुंगा म्हणाली.

"एकेकटा बिनडोकच," दादा म्हणाला. "आता गप्प उभी राहा."

खाली कुठेतरी पहारेकऱ्यानं बटण दाबलं असेल. उजव्या कपाटात टक् झालं. मग मधल्या कपाटात टक् टक् टक्, एकाखाली एक. मग क्षणभर काहीच नाही. मग डाव्या कपाटात एक मोठा रिले धप्पकन बसला, मोटर हुंकारली आणि दोर सरकायला लागले.

"ठरलं," दादा हळूच म्हणाला. "डावी निघाली."

 मी काही शिकलेली बाई नाही, पण मला एवढं कळलं की मी आत्ता एक विचार होताना बघितला. आपल्या डोक्यात तो कधी येतो, कुठून जातो, आपल्यालाही पत्ता लागत नाही. इथे तो माझ्या डोळ्यांसमोर एका कपाटातून दुसऱ्या कपाटात चालत गेला होता. भुंग्याचं तोंड उघडं ते उघडंच.

"बाबा, ह्यांना हे सगळं कोणी सांगितलं?"

"ज्यानं ही कपाटं जोडली त्यानं."

"तो कुठे असतो?"

"कुठला असायला! इमारत माझ्या जन्माआधीची. गेला असेल बिचारा कधीच."

ती कपाटाच्या आणखी जवळ सरकली. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "तो गेला, आणि तरी अजून सांगतोय?"

 दादानं कपाटाच्या कडेवरून फडकं फिरवलं.

त्या दिवसापासून तिचा मुक्काम माझ्या टेबलावरून वर हलला. दादाचं काम सगळं कानावर चालायचं. कोणता रिले आधी वाजला, कोणता मागून, कोणाचा आवाज आज बसलेला आहे, हे तो डोळे मिटून सांगायचा, आणि हळूहळू तीही सांगायला लागली. जेवताना दोघं बोटांनी ताटाच्या कडेवर वाजवून बोलायचे. वहिनी म्हणायची, ह्या घरात मी एकटीच माणूस आहे.

आता जुन्या मेकॅनिक लोकांची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. एखाद्या रिलेला थोडा वेळ गप्प बसवायचं असेल तर त्याच्या टोकांमध्ये जाड कागदाची पट्टी सरकवतात. वीज अडते. बाकीच्यांना वाटतं, ह्याच्याकडे काही घडलंच नाही. मग बिघाड कुठे आहे ते शोधता येतं. दादाच्या पट्ट्या लाल पुठ्ठ्याच्या, लांबूनही दिसतील अशा. खोलीतून निघताना त्या सगळ्या खिशात परत आल्यात की नाही हे बघितल्याशिवाय तो लिफ्ट चालू करत नसे. त्याच्या उस्तादाचं म्हणणं असायचं, पट्टी आत राहिली की मेकॅनिक बाहेर.

भुंगा तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची होती. त्या दुपारी लिफ्ट दुरुस्तीसाठी बंद होती आणि दादा खाली दाराचं बघत होता. वर ही एकटी. तिला प्रश्न पडला, तिसऱ्या मजल्याचा रिले गप्प राहिला तर लिफ्टला तिसरा मजला आलेला कळेल का? दादाच्या लाल पट्ट्या त्याच्या खिशात. मग बाईसाहेबांनी शाळेच्या वहीचा पुठ्ठा फाडला आणि त्याचा पांढरा तुकडा घातला सरकवून. लगेच काढणारच होती. तेवढ्यात दादानं खालून पाना आणायला हाक मारली, ही पळाली, आणि पट्टी राहिली आत. दादा वर आला, खिसा बघितला. लाल पट्ट्या सगळ्या जागच्या जागी. त्यानं लिफ्ट चालू केली.

आणि त्या लिफ्टमध्ये मी बसले.

बरोबर विमेवाले होते, तिसऱ्या मजल्यावरच्या विम्याच्या ऑफिसातले. मलाही तिसऱ्यावरच जायचं होतं. आमच्या लिफ्टला जाळीची दारं, त्यामुळे मजले जाताना दिसतात. दुसरा गेला. तिसरा आला, विमेवाल्यांनी बॅग उचलली, आणि तिसरा खाली निघून गेला. मग चौथा. मग पाचवा.

"बाई, ही थांबत का नाही?" विमेवाले म्हणाले. लिफ्ट कधी येणार हे हजारदा विचारून झालेल्या त्या माणसानं असा प्रश्न पहिल्यांदाच विचारला होता. गावभर विमे विकणाऱ्या माणसाची पाचावर धारण बसली होती, आणि माझी स्थिती काही वेगळी नव्हती. सहावा गेला. लिफ्टच्या लेखी तिसरा अजून आलाच नव्हता, ती तोच शोधत वर चालली होती. सातव्याच्या वर काय आहे ते मी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. छत, आणि छतावर ती चाकं. मी डोळे मिटले आणि परक्या माणसाचा दंड घट्ट धरला.

खाड्कन आवाज झाला. एक हिसका बसला. आणि लिफ्ट थांबली.

कोणतंही बटण दाबलं तरी ती जागची हलेना. दिवा चालू, आम्ही दोघं जिवंत, आणि विमेवाले घामानं निथळत होते. थोड्या वेळानं डोक्यावर धावती पावलं वाजली आणि दादाचा आवाज आला, "आत कोण आहे?"

"तुझी सख्खी बहीण!" मी ओरडले.

त्यानं हातानं चाक फिरवून लिफ्ट इंचाइंचानं सातव्यावर उतरवली आणि जाळी ओढली तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. बाहेर भुंगा उभी होती. चेहरा पांढराफटक, हातात वहीच्या पुठ्ठ्याचा तुकडा. कोणी विचारायच्या आत म्हणाली, "बाबा, मी घातली होती. राहून गेली."

दादानं तुकडा घेतला, खिशात टाकला आणि विमेवाल्यांकडे वळून म्हणाला, "माफ करा साहेब, माझी चूक झाली." मालकांकडून बोलणी बसली ती त्यानं मुकाट्यानं खाल्ली. मला मात्र त्या पोरीच्या कानाखाली एक सणसणीत ठेवून द्यावीशी वाटत होती. दादानं तिला रागावलंसुद्धा नाही. तिचा हात धरून तिला वर घेऊन गेला, आणि मला म्हणाला, "तूही चल. तुझा जीव कोणी वाचवला ते बघ."

वर जाऊन त्यानं फरशीतल्या झडपेतून खाली बॅटरी मारली. लिफ्ट ज्या रुळांवरून चालते, त्यांच्या अगदी वरच्या टोकाला एक लहानसा लोखंडी डबा होता. त्याला एक दांडा. काळा, तेलकट, कोणी ढुंकूनही बघणार नाही असा.

"ह्याला कपाटातलं काही कळत नाही," दादा म्हणाला. "कोणी बटण दाबलं, कोणता रिले वाजला, कशाशी ह्याचा संबंध नाही. लिफ्ट नको तेवढी वर आली की हा मोटरची वीज तोडतो. एवढंच काम."

"रोज करतो?"

"रोज लिफ्ट सातव्यावर नीट थांबते. मी अधूनमधून हा चाचणीला हलवून बघतो, तेवढंच. खरं काम ह्याला आज पहिल्यांदा पडलं."

"इमारत बांधल्यापासून?"

"माझ्या माहितीत तरी पहिल्यांदा."

भुंगा झडपेशी गुडघ्यांवर बसली. तिला हुंदका आला, पण तो मार चुकल्याचा नव्हता. "बाबा, म्हणजे त्या माणसाला माझी चूक आधीच माहीत होती?"

"तुझी कशाला? पण कोणी ना कोणी, काही ना काही चुकवणार, एवढं त्याला माहीत होतं." दादानं बॅटरी विझवली. "तुझ्यासारखी मूर्ख माणसं तेव्हाही असतील."

त्या संध्याकाळी मी भाजी चिरत होते तेव्हा ती स्वयंपाकघरात येऊन माझ्या पाठीला टेकून उभी राहिली. "आत्या, तो माणूस तुला ओळखत नव्हता. मला तर नाहीच. आपण दोघी असणार आहोत हेही त्याला ठाऊक नव्हतं. आणि तरी त्यानं आपला विचार करून ठेवला होता." मग म्हणाली, "मला ते शिकायचंय."

"लिफ्टचं काम?"

"लिफ्टचं नाही गं. ते सांगून ठेवणं. आपण नसताना आपला विचार चालू राहील, आणि चूक झाली तरी माणूस वाचेल, असं सांगून ठेवणं."

माझी विळी थांबली. एवढीशी पोर आणि काय बोलली! देवळात जाऊनही मला कधी इतकं लहान आणि इतकं सुरक्षित वाटलेलं नाही. पुढे शाळेत कॉम्प्युटरचा तास सुरू झाला आणि एक दिवस ती उड्या मारतच घरी आली. ह्या सांगून ठेवण्याला नाव आहे, तो एक अख्खा विषय आहे, विद्यापीठात शिकवतात! तिचं ठरलं ते तिथेच.

सगळं सुरळीत झालं असतं. पण तिचं शाळेचं शेवटचं वर्ष चालू असताना इमारतीच्या मालकांनी तिन्ही कपाटं काढून टाकली. त्यांच्या जागी भिंतीवर एक करडा डबा आला, जेवणाच्या डब्यापेक्षा थोडा मोठा. आत एक हिरवी पाटी, तिच्यावर काळे किडे बसवल्यासारखं काहीतरी. कंपनीचा माणूस आला, त्यानं वायरी जोडल्या, आणि लिफ्ट चालायला लागली. पूर्वीपेक्षा मऊ, पूर्वीपेक्षा शहाणी. खोलीत मात्र चिडीचूप. नुसते बारके दिवे लुकलुकत होते.

भुंगा नाचायचीच बाकी होती. "बाबा, ती सगळी भिंत ह्यात मावली? सगळी? आणि अजून जागा उरलीय!" तिचे डोळे बघून माझेही विस्फारले. दादा मात्र कपाटांच्या रिकाम्या जागेकडे बघत होता. भिंतीवर तेवढाच रंग नवा राहिलेला. तो एकटाच जिना उतरून खाली गेला.

विद्यापीठात तिला जागा मिळाली तेव्हा वहिनीनं घर डोक्यावर घेतलं. दादा "बरं झालं" म्हणाला आणि पेपर वाचत बसला. प्रवेश पक्का करायला आई किंवा वडिलांनी ठरल्या दिवशी बरोबर यायचं होतं. वहिनी रजा टाकायला तयार होती. पण भुंगा म्हणाली, "बाबा आले तरच जाईन." आणि दादा येतो म्हणेना, नाही म्हणेना. बापलेक एकाच मुशीतले. तारीख टळली की जागा दुसऱ्या कोणाची, हे दोघांनाही माहीत होतं आणि दोघंही ओठ शिवून बसले होते.

आदल्या दिवशी माझा संयम संपला. "दादा, पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे आणि तुला त्या फुटक्या कपाटांचा राग धरून बसायचंय?"

"कपाटांचं नाही गं," तो म्हणाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याचा आवाज उघडला. "बिघडलं की मी ऐकायचो. आता काय ऐकू? ह्यात जे लिहिलंय ते कोणी लिहिलं? कुठेतरी गार खोलीत बसून लिहिलं असेल. त्यानं आयुष्यात कधी मधल्या मजल्यात अडकलेल्या माणसाला हात देऊन बाहेर ओढलंय का? तू अडकली होतीस ना, तुझा आवाज अजून माझ्या कानात आहे. आणि आपली पोरगी त्या खोलीत जाऊन बसणार. तिलाही पुढे माणसं दिसायची बंद होतील."

मी काही बोलणार तोच दारातून भुंगा म्हणाली, "बाबा, ते लिहिणाऱ्याला आपली खोली माहीत नाही, हे खरं. पण मला माहीत आहे ना?"

दादा तिच्याकडे बघतच राहिला.  सकाळी उठले तर तो स्वतःच्या हातानं शर्टाला इस्त्री करत होता.

मीही गेले, हे सांगायला नकोच. विद्यापीठाचं सभागृह केवढं मोठं, आणि एवढी मुलं, एवढे आईबाप. विभागप्रमुख बाई आमच्याच वयाच्या, साध्या, पायात सपाता. त्यांनी माहिती सांगितली आणि विचारलं, पालकांना काही शंका? कोणी वसतिगृहाचं विचारलं, कोणी नोकरीचं, कोणी सुट्ट्यांचं. उत्तरं झाली, लोक उठायच्या बेतात आले, आणि माझ्या शेजारी दादा उभा राहिला. त्यानं पुढच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली होती.

"बाई, ही मुलं जे लिहितील ते कधीतरी चुकेल. तेव्हा त्या दुसऱ्या टोकाला जो माणूस असेल त्याचं काय, हे तुम्ही शिकवता का?"

मागे कोणीतरी हसलं.  मला वाटलं, झालं, आता हा भुंग्याला उठवून घरी नेणार.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "तुम्ही काय काम करता?"

"लिफ्ट दुरुस्त करतो."

त्या टेबलामागून पुढे आल्या आणि थेट त्याच्याकडे बघून बोलल्या. "शिकवतो. पहिल्या वर्षापासून शिकवतो. पण एखाद्या तासात सांगून ते येत नाही, जन्मभर लक्षात ठेवावं लागतं. ते मला पूर्ण येतं असं मी म्हणणार नाही. मी अजून चुकते, आणि पुन्हा तपासते."

 दादा उभाच होता. मी त्याच्या तोंडाकडे बघायचं टाळलं.

"मग माझी मुलगी तुमच्याकडे सोपवतो," तो म्हणाला. "ती चुका करते, बाई. पण येऊन सांगते."

तो खाली बसला. भुंगा मान खाली घालून रडत होती, आणि तिच्याकडे न बघता त्यानं आपला हात तिच्या डोक्यावर ठेवला. माझं तर केव्हाच सुरू झालं होतं.